काकांच्या पायाखालचं तेल

सोमवार, ३ फेब्रुवारी

मेंटेनन्सची एक वही कंपनीत आहेच. तिच्यात तारीख, बिघाड, उपाय, सही असे रकाने आहेत. भीतीचा रकाना नाही. म्हणून येताना करंजाड्याच्या स्टेशनरीवाल्याकडून ही वेगळी वही घेतली. ही कुणाला दाखवायची नाही.

गुरुवारचं एकदा सरळ लिहून काढते, म्हणजे डोक्यात फिरायचं थांबेल. आमच्या तळोज्याच्या फाउंड्रीत वितळलेलं लोखंड भट्टीपासून साच्यांपर्यंत क्रेनने नेतात. लोखंडाची मोठी बादली, म्हणजे लेडल, क्रेनला टांगलेली असते. क्रेन चालवणारा वर छताजवळच्या केबिनमध्ये बसतो आणि मोटारीसारखा पायाने ब्रेक दाबतो. पेडलखालचं तेल नळीतून पुढे ढकललं जातं आणि चाकाचा ब्रेक आवळला जातो. गुरुवारी त्या नळीचा सांधा सैल झाला, तेल तापलेल्या लेडलवर ठिबकलं आणि भपकन पेटलं. खाली साच्यांजवळ आमचा कामगार शुक्रा उभा होता. त्याचा उजवा हात खांद्यापर्यंत भाजला. ज्वाळा नळी धरून वर केबिनपर्यंत गेल्या आणि केबिनमध्ये माझे काका होते.

काशीरामकाका. बाबा गेल्यावर माझा डिप्लोमा त्यांनी पुरा करून घेतला. ब्रेक गेलेला असताना मोटर उलटी फिरवून त्यांनी क्रेन थांबवली, लेडल हळूच खाली टेकवली आणि मगच शिडी उतरले. अर्धी मिशी करपलेली. "नवीन येल," म्हणाले. सगळे हसले. मला हसू आलं नाही, राग आला. कशाचा ते अजून ठरत नाहीये.

मालक कुंदनशेठनी आज त्यांच्या केबिनमध्ये बोलावलं. "मॅडम, पेटणार नाही असं तेल शोधा. महिन्याभरात बदलून टाका."

"तोपर्यंत?"

"तोपर्यंत सांधा घट्ट करून चालू द्या. ऑर्डर अडकलीय."

म्हणजे महिनाभर काका त्याच तेलावर. आणि शुक्राच्या जागी आजपासून त्याचा भाऊ सुदाम उभा राहतोय. मला इथे लागून तीन महिने झालेत, त्यातला एक पंखे दुरुस्त करण्यात गेला.

गुरुवार, ६ फेब्रुवारी

सगळ्यांना सगळं माहीत आहे, मला सोडून. गोरख मिस्त्री इथले बावीस वर्षांचे फिटर. ते म्हणाले, "मॅडम, गाडीचं ब्रेक ऑइल घाला. ते पेटत नाय." मी वाचून ठेवलं होतं. गाडीचं ब्रेक ऑइल उशिरा उकळतं हे खरं, पण तापलेल्या लोखंडावर पडलं तर तेही पेटतं. असं सांगितल्यावर मिस्त्री पाना उचलून निघून गेले. कालची पोर मला शिकवणार, हेच त्यांना म्हणायचं होतं.

प्रश्न एकट्या तेलाचा असता तर सोपा होता. ब्रेकच्या आत रुपयाएवढ्या रबराच्या वाट्या असतात, त्यांना सील म्हणतात. दाब त्या धरून ठेवतात. तेलाची आणि सीलची पत्रिका जुळावी लागते. नाही जुळली तर रबर फुगतं, मऊ पडतं, नाहीतर चिरतं, आणि ब्रेक एकतर लागत नाही किंवा सुटत नाही. घरी आई माझी पत्रिका घेऊन फिरतेय आणि मी इथे रबराची.

पाणी मिसळलेलं एक तेल आहे. ते पेटत नाही आणि आताची सीलंही त्याला चालतात. सेल्समन त्याच्यासाठी रोज दोन फोन करतो. दुसरं आहे फॉस्फेट एस्टर. तेही सहजी पेट घेत नाही, उष्णतेला जास्त टिकतं, पण आताची नायट्राइल रबराची सीलं खाऊन टाकेल. त्याला ईपीडीएम नावाचं रबर लागतं. आणि ईपीडीएमची खोड अशी की साधं तेल थोडंसुद्धा लागलं की ते फुगतं. दोन्ही रबरं काळी आणि दिसायला सारखीच. हातात घेऊन काही कळत नाही.

नखं खाणं पुन्हा सुरू झालंय.

रविवार, ९ फेब्रुवारी

आईच्या लोणच्याच्या चार बरण्या घेतल्या. प्रत्येकीत एकेक तेल आणि दोन्ही रबरांची मोजून घेतलेली सीलं. बरण्यांवर चिठ्ठ्या, झाकणं घट्ट, गच्चीच्या कोपऱ्यात पत्र्याखाली ठेवल्या. कंपनीत ठेवल्या असत्या तर कुणीतरी हात घातलाच असता.

आई म्हणाली, "कैरीच्या दिवसांत बरण्या मागितल्या तर काय देशील?"

"नवीन आणून देईन."

"लोकांच्या पोरी घरात रुखवत मांडतात. आमच्या पोरीनं रबर मुरत घातलंय."

संध्याकाळी वरच्या मजल्यावरून काका आणि शोभाकाकू आले. काकांनी प्रत्येक बरणी उजेडात धरून बघितली. कंपनीत ते मला चारचौघांत 'मॅडम' म्हणतात, घरी 'समी'. म्हणाले, "समी, मना तेल कुठलंबी दे. पाय ठेवला की गाडी थांबली पायजे, बस." मी म्हटलं, गाडी थांबलीच पाहिजे आणि तुम्ही पेटायलाही नको. त्यावर हसले. त्यांचा माझ्यावर इतका भरवसा आहे याचीच मला धास्ती वाटते.

शनिवार, १५ फेब्रुवारी

आज भट्टीमागच्या मोकळ्या जागेत मोठी परीक्षा घेतली. अग्निशामक हाताशी, माणसं लांब. जाड प्लेट लाल तापवली आणि लांब दांड्याच्या पळीने एकेक तेल टाकलं. आताचं तेल पडताक्षणी पेटलं. गाडीचं ब्रेक ऑइल जरा थांबून पेटलं, आणि गोरख मिस्त्रींनी तोंड फिरवलं. पाण्याचं तेल नुसतं फसफसलं. फॉस्फेट एस्टरचा धूर झाला, क्षणभर पिवळी चमक आली आणि गेली.

सेल्समन म्हणाला, "बघा मॅडम, आमचं तर चमकलंसुद्धा नाही!" शेठनी लगेच मान डोलावली.

पण माझ्या डोक्यात वेगळा किडा वळवळत होता. ही सीलं ज्यात बसतात तो ब्रेकचा सिलिंडर असतो लेडलच्या अगदी वर. भट्टी चालू असताना तिथे अठ्ठ्याहत्तर डिग्री मोजलीय मी. तिथे पाणी किती दिवस राहणार? म्हणून त्याच तेलाची एक वाटी चार दिवस भट्टीच्या भिंतीजवळ ठेवली होती. ती आणून तळाचं उरलेलं प्लेटवर टाकलं. ते पेटलं.

सेल्समनने आपला नमुन्याचा डबा उचलला. मिस्त्री पहिल्यांदाच म्हणाले, "हे बरं केलं." मी दिवसभर तेवढ्यावर तरंगत होते. कुणी दोन शब्द बरे बोललं की मी विरघळते, हा माझा जुनाच दोष.

मंगळवार, १८ फेब्रुवारी

बरण्या उघडल्या. फॉस्फेट एस्टरमध्ये नायट्राइलचं सील बोटाने दाबलं तर चिकट लागलं. ईपीडीएम जसंच्या तसं. साध्या तेलाच्या बरणीत बरोबर उलटं झालंय, तिथे ईपीडीएम टम्म फुगलंय.

ठरलं. फॉस्फेट एस्टर आणि ईपीडीएमची नवी सीलं. शेठच्या कागदावर 'शिफारस करणार' म्हणून माझी सही. सही केल्यावर दोनदा परत जाऊन कागद वाचला. फॉस्फेट एस्टरचा एक थेंब माझ्या टेबलावर सांडला होता, तिथला रंग सोलून निघालाय. हातमोजे सगळ्यांना सक्तीचे केले.

रविवार, २३ फेब्रुवारी

भट्टी बंद, त्यामुळे आज काम उरकलं. जुनं तेल काढलं, नळ्या हवेने फुंकल्या, सीलं बदलली, नवं तेल भरलं. मी यादी हातात घेऊन प्रत्येक ओळीवर खूण करत होते. पेडलजवळची छोटी टाकी उलटी होत नाही, तिच्या तळाला घोटभर जुनं तेल राहिलं होतं. गोरख मिस्त्री म्हणाले, "येवढं राहू द्या, मॅडम. मशिनीचं पोट रितं ठेवत नाय. आमी कदी ठेवलं नाय."

"राहू द्या," म्हटलं. आमच्याकडेही तांदळाच्या डब्यात मूठभर ठेवूनच वर नवे तांदूळ ओततात. आजी तर रिकामा डबा दिसला की आईला बोलायची. मिस्त्री इतके दिवस माझ्याशी परक्यासारखे वागत होते, आज घरच्यासारखं बोलले. निघताना त्यांनी डब्यातली बोंबलाची चटणी दिली. बरं वाटलं.

सोमवार, २४ फेब्रुवारी

पहिला दिवस. लेडल साच्याच्या बरोबर वर थांबली. काकांनी वरून अंगठा दाखवला. शेठनी सगळ्यांना पेढे दिले. शुक्राची बायको मंगळी वाळूच्या ढिगाजवळ उभी होती, तिच्या हातावर मी दोन ठेवले. शुक्रा घरी आलाय, पण बोटं अजून मिटत नाहीत, असं ती म्हणाली.

बुधवार, २६ फेब्रुवारी

महाशिवरात्र. काकूने उपासाला बोलावलं होतं. काका रताळ्याचा कीस चमच्याने खात होते. "साहेब झालात का?" म्हणून मी चिडवलं. म्हणाले, गरम हाय. गरम काही नव्हतं. उजव्या तळहातावर पट्टी दिसली. विचारलं तर शिडीचा गज लागला म्हणाले. शिडीच्या गजांना गुंडाळायला काहीतरी आणायला हवं, ते आता लिहून ठेवते.

क्रेनचं विचारलं. "मस्त चाललीय. तुजं तेल म्हंजे काय विचारतेस!" मग दोन्ही हात मांडीखाली घेऊन बसले आणि विषय काकूच्या गुडघ्यावर नेला. या वयात माणसांचं एका विषयावर मन ठरत नाही.

शनिवार, १ मार्च

काका रोज माझ्या अर्धा तास आधी जातात. आईचं म्हणणं, भाऊजींना घरी करमत नाही. मला बरोबर नेत नाहीत याचं जरा वाईट वाटतं. आज मुद्दाम लवकर गेले, तर ते शिडी उतरत होते, घामाघूम, गळ्यातला पंचा ओला. "गाडी गरम करून ठेवली," म्हणाले. मी म्हटलं, एवढी काळजी करू नका, आता सगळं नवीन आहे.

सोमवार, ३ मार्च

जेवणाच्या सुट्टीत मंगळी स्वतःहून बोलायला आली. एरवी ती मान वर करत नाही. "बाई, वरून करपल्याचा वास येतोय. तीन दिस झालं. तवा पन असाच आलता." मी म्हटलं, फाउंड्रीत वास यायचाच. ती गेली नाही. पाटी डोक्यावर तशीच ठेवून उभी राहिली. म्हणाली, "आता माजा दीर उभा ऱ्हातो तितं."

सुट्टी संपायच्या आत तापमापक घेऊन वर चढले आणि क्रेनच्या रुळावरून चालत गेले. ब्रेकचा ड्रम हात लावू देईना. क्रेन दहा मिनिटं उभी होती, तरी एकशे नव्वद डिग्री. म्हणजे ब्रेक पुरता सुटत नाहीये. चाकाला घासत ती पळतेय, थेट लेडलच्या डोक्यावर. कठडा धरून खाली आले.

सील फुगलं असणार, म्हणजे रबरच चुकीचं आलं असणार, असं धरून सीलं देणाऱ्याला फोन करून नको नको ते बोलले. तो म्हणत राहिला, "मॅडम, माल ईपीडीएमच आहे, लेखी देतो." मी फोन आपटला. क्रेन लगेच बंद करायला हवी होती. शेठ म्हणाले, एवढी पाळी होऊ द्या. मी होऊ दिली. पाळी सुटेपर्यंत सुदामच्या मागे उभी राहिले, जणू त्याने काही होणार होतं.

मंगळवार, ४ मार्च

सकाळी सहाला काकांच्या आधी शिडी चढले.

पेडलला दोरी बांधलेली होती. सुती, जाड, होडीला बांधतात तसली. दुसरं टोक सीटच्या हाताला, आणि जिथे मुठीत धरतात तिथे रक्ताने काळी पडलेली. पेडल दाबून बघितलं. खाली गेलं ते वर आलंच नाही. दोरी ओढली तेव्हा हळूहळू आलं. म्हणजे आठवडाभर काका पायाने ब्रेक लावत होते आणि हाताने तो सोडवत होते. एका हाताने क्रेन चालवायची, दुसऱ्याने दोरी, खाली दोन टन वितळलेलं लोखंड, आणि अंगठा दाखवायचा.

ते वर आले तेव्हा मी दोरी हातात घेऊन बसले होते. मी ओरडले. इतकी ओरडले की खाली लोक थांबून वर बघायला लागले.

"पोरीचं पयलंच काम हाय," ते म्हणाले. "तुज्या तेलाला खाली सगळी हसली असती. रबर नवीन हाय, बसंल दोन-चार दिसांत, असं वाटलं मना. सकाळी येऊन वाळू भरलेल्या लेडलवर फेऱ्या मारून बघत होतो."

"आणि सुदाम? दोरी तुटली असती तर?"

त्यांनी पट्टीचा हात पाठीमागे घेतला. मला रडू आलं आणि त्याचाही राग आला. माझी लाज झाकायला यांनी स्वतःचा हात सोलून घेतला, आणि शिवाय दुसऱ्याच्या घरचा माणूस पणाला लावला. असली माया घेऊन मी करू काय?

सिलिंडर उघडला. सील फुगलेलं, मोजलं तर अकरा टक्के. वास घेतला. नव्या तेलाला असा वास नाही. टाकीच्या तळाशी बोट फिरवलं आणि मग सगळं कळलं. घोटभर. 'राहू द्या' म्हणणारी मी. ईपीडीएमला साधं तेल थोडंही चालत नाही हे इथेच, याच वहीत, माझ्याच अक्षरात लिहिलेलं आहे.

बुधवार, ५ मार्च

शेठ म्हणाले, "गोरखनेच टाकी नीट रिकामी केली नसणार. आता त्याला घरीच बसवतो."

मी गप्प बसले. खरं तेच लिहायचं असेल तर हे लिहिलंच पाहिजे. चहा येईपर्यंत मी गप्प होते. मिस्त्री जुने आहेत, दुसरीकडे कुठेही लागतील, असं मनात येऊन गेलं. कप हातात आला तेव्हा म्हटलं, "त्यांनी मला विचारलं होतं. मी हो म्हटलं."

"तुम्ही? इंजिनिअर असून?"

"हो."

शेठनी कप खाली ठेवला. मग म्हणाले, "आणि काशीराम? त्याला तर कळत होतं."

तेही सांगितलं. दोरीचं, आठवडाभराचं, सगळं. अहवालात काकांचं नाव माझ्या हाताने लिहिलं. त्यांना चार दिवस घरी बसवलंय आणि लेखी समज दिलीय. मलाही दिलीय. मिस्त्रींना काही नाही. सीलवाल्याला फोन करून माफी मागितली, तो बिचारा "चलता है" म्हणाला.

घरी आले तर काका जिन्यात बसले होते. "माजं नाव लिवलंस?"

"लिहिलं."

ते उठून वर गेले. आई म्हणते, तू काय केलंस हे? ज्यांनी तुला शिकवलं त्यांचं नाव? मी जेवले नाही. मग उठून जेवले, कारण भूक लागली होती.

रविवार, ९ मार्च

टाकीच काढून घेतली. उलटी केली, धुतली, फडक्याने पुसली, पुन्हा पुसली. नळ्या नव्या, सीलं नवी. गोरख मिस्त्री आतून हात फिरवून म्हणाले, "रिती झाली." मग उगाच हात जोडले. मी हसले नाही. त्यांच्या जागी मी असते तर मीही जोडले असते.

काका चार दिवस एक शब्द बोललेले नाहीत. आज काकूने खालीच निरोप दिला की उद्या ते कामावर जाणार आहेत. वर येऊ नकोस असंही म्हणाली, पण हळू आवाजात.

झोप नाही. त्यांनी पुन्हा काही लपवलं तर मला कसं कळणार? रबराची परीक्षा घेता येते. माणसाची कशी घ्यायची?

सोमवार, १० मार्च

आज काकांनी सगळ्या शेडसमोर माझी फजिती केली.

पहिली भरलेली लेडल. शेठ उभे, बाहेरगावचं गिऱ्हाईक उभं, मिस्त्री, सुदाम, वाळूच्या बाजूने मंगळी. क्रेन अर्ध्यात आली आणि भोंगा वाजला. तीनदा. सुदामने पळ काढला, सगळे भिंतीला चिकटले. काकांनी लेडल हळूच स्टँडवर टेकवली आणि केबिनमधून खाली वाकून ओरडले, "मॅडम! पायाला कायतरी येगळं लागतंय! येऊन बघा! तोवर मी गाडी हालवत नाय!"

गिऱ्हाईकाने शेठकडे बघितलं. शेठनी माझ्याकडे. मी शिडी चढले. पेडल बघितलं, सिलिंडर, सांधे, ड्रम. सगळं नीट होतं. चाळीस मिनिटं शोधलं. लोखंड थंड होत आलं म्हणून परत भट्टीत ओतावं लागलं. शेवटी काकांचा पाय उचलून बघितला. काकूने नवे बूट आणले होते, जाड तळव्याचे. पेडल त्यांना जाड लागत होतं ते त्याने.

खाली कळल्यावर हशा पिकला. कोणीतरी शिट्टी मारली. मिस्त्री तोंडावर फडकं धरून हसत होते. शेठ म्हणाले, "मॅडम, हे असं रोज होणार का?"

काका बूट हातात घेऊन शिडीच्या तळाशी उभे होते, अनवाणी, मान खाली. पाच दिवसांनी पहिल्यांदा माझ्याशी बोलले, फक्त मला ऐकू येईल असं. "समी, गेली ना तुजी लाज?"

"गेली."

"मंग उद्या?"

"उद्या परत काही वाटलं," मी म्हटलं, "तर परत वाजवा."